सक्ती गाडीची नको, अर्थिंगची हवी

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्वेतल्या एका घरात पहाटे स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. बॅटरी स्कूटरमधून काढून हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपला होता. मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत वडील आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. एप्रिलमध्ये तेलंगणातल्या निजामाबादला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून एक वृद्ध गृहस्थ दगावले. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला विजेच्या स्कूटरच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात भरला आणि आठ माणसे मेली.

वसईची घटना आपल्याच पालघर जिल्ह्यातली. त्यामुळे इथे अजूनही कुणी विजेची गाडी घ्यायची म्हटले की घरातले मोठे माणूस ती बातमी काढतेच. दुसरीकडे शासनाचे धोरण या गाड्यांकडे वेगाने ढकलते आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात २०३० पर्यंत नव्या वाहनांपैकी सुमारे ३० टक्के विजेवरची असावीत असे उद्दिष्ट आहे. एका बाजूला भीती आणि दुसऱ्या बाजूला घाई. या दोन्हींमध्ये गाडी रात्री जिथे लावायची त्या घराचा विचार कुणीच करत नाही, असे मला वाटते.

मी फिजिशियन आहे, वाहनांचा तज्ज्ञ नाही. पण गाडीचा धूर, विजेचा झटका आणि भाजणे हे तिन्ही शेवटी सरकारी रुग्णालयाच्याच दारात येतात. म्हणून हा विषय माझाही आहे.

आधी फायद्याचे बोलू

विजेच्या गाड्या वाढाव्यात, असेच माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे पीएम २.५ चे, वार्षिक प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे हीच संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशाचे मानक ४० आहे. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळीपर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात आणि दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघाताचाही धोका वाढवतात.

बोईसर-तारापूरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले होते. या स्पर्धेत पहिला नंबर म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. त्यात मोठा वाटा कारखान्यांच्या हवेचा आणि सांडपाण्याचा. सगळ्या मोटारी उद्या विजेवर आल्या म्हणून तारापूरची हवा महाबळेश्वरसारखी होणार नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळही राहणारच. तरी एक फरक महत्त्वाचा आहे. कारखान्याचे धुराडे उंच असते. रिक्षाचा आणि टेम्पोचा धूर मात्र फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकासमोर, आणि कडेवरच्या मुलाच्या तर अगदी तोंडावर सुटतो. तो कमी झाला तर फायदा लगेच आणि रस्त्यावरच्या माणसाला होतो.

वीज कोळशावरच होते, मग प्रदूषण फक्त जागा बदलते, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. देशातली बहुतांश वीज आजही कोळशावर होते. पण एका धुराड्यावर लक्ष ठेवणे हे लाखो सायलेन्सरांवर लक्ष ठेवण्यापेक्षा सोपे असते, आणि याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला धुरातले गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवायला या प्राधिकरणाने वर्षानुवर्षे पाठपुरावा करून भाग पाडले. २००७ मध्ये ती सुरू झाली. ती सक्तीच होती, आणि ती योग्य होती. तिच्याकडे मी नंतर पुन्हा येईन, कारण सक्ती कुणावर करावी याचा धडा तिच्यात आहे.

पंप घरात आला

पेट्रोलच्या गाडीला इंधन लागते ते पंपावर. पंप उभारायचा तर स्फोटके सुरक्षा विभागाची परवानगी, ठरावीक अंतरे, वाळूच्या बादल्या, अग्निशामक नळकांडी, सगळे लागते. विजेच्या गाडीने हा पंप आपल्या घरात आणला. त्याची सोय मोठी आहे, पण पंपाबरोबर पंपाची शिस्त घरात आली नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले की चार्जिंगसाठी वेगळा परवाना लागत नाही. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते, हेही नंतरच्या मार्गदर्शक सूचनांत आले. निर्णय बरोबरच होता, नाहीतर प्रत्येक प्लगसाठी लोकांना कार्यालयात खेटे घालावे लागले असते. पण परवाना नको याचा अर्थ तपासणीही नको, असा आपण लावून घेतला.

आता घरच्या पॉवर प्लगचे गणित पाहू. छोट्या मोटारीसोबत मिळणारा साधा चार्जर साधारण तीन किलोवॉट ओढतो, म्हणजे १३-१४ अँपिअर. लोक म्हणतात, 'आमचा गीझरही तेवढेच ओढतो, काही होत नाही.' गीझर पंधरा-वीस मिनिटे चालतो. ३० युनिटची बॅटरी असलेली मोटार त्याच प्लगवर दहा-बारा तास लागून राहते. आणि तार किंवा सांधा तापतो तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. सॉकेटमधला स्क्रू थोडा सैल असला आणि त्या सांध्यात ०.१ ओहमचा विरोध तयार झाला, तर १४ अँपिअरला तिथे सुमारे २० वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जे लहान सोल्डरिंग आयर्न असते ना, जवळपास तेवढी. ते प्लास्टिकच्या डबीत कोंबून घरातली माणसे झोपलेली असताना रात्रभर चालू ठेवल्यासारखे हे आहे. मोटारींच्या बाबतीत पहिला धोका बॅटरीपेक्षा या भिंतीतल्या डबीत असतो.

स्कूटरचे गणित उलटे. तिची बॅटरी तीनेक युनिटची, चार्जर एखाद्या मिक्सरएवढी वीज घेतो, त्यामुळे वायरिंगवर ताण कमी. पण बॅटरी काढून घरात आणता येते आणि तिथे धोका बॅटरीचाच असतो. लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्या सेलला तापवतो आणि ही साखळी काही मिनिटांत सगळ्या बॅटरीला पेटवते. बाहेरून हवा तोडली तरी ती सहज विझत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडसारखे दाहक वायू असतात. बंद खोलीतल्या आगीत माणूस भाजण्याआधी धुराने बेशुद्ध होतो, हे आम्हा डॉक्टरांना नेहमी दिसते. वेल्लोरला तेच झाले.

२०२२ च्या या घटनांनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. त्यामुळे त्यानंतर बनलेली, रीतसर नोंदणी झालेली स्कूटर आधीच्यापेक्षा निश्चित सुरक्षित आहे. मोटारींबद्दल तर स्वीडन, नॉर्वेसारख्या देशांतल्या नोंदी सांगतात की पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपेक्षा विजेच्या मोटारींना आगी कमीच लागतात. तेव्हा भीतीने फुली मारण्याचे कारण नाही. पण २५० वॉटची, ताशी २५ किलोमीटरची, नंबरप्लेट न लागणारी स्कूटर, जुनी बॅटरी उघडून त्यात नवे-जुने सेल भरून दिलेला पॅक आणि बाजारातून आणलेला स्वस्त चार्जर, यांच्यापर्यंत हे नियम पोचत नाहीत. आपल्या भागात हाच माल जास्त चालतो, कारण तो परवडतो.

बोईसरची खोली आणि धोरणातली इमारत

राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार नव्या निवासी इमारतींत सगळे पार्किंग चार्जिंगला सज्ज हवे आणि किमान एक सामायिक चार्जिंगची सोय हवी. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्कही दिला. नवी जोडणी महानगरांत तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यावी, असे त्यात आहे. कागदावर सगळे चांगले आहे.

आता सरावली, खैरापाडा, काटकरपाडा, अवधनगर, पास्थळकडे पाहा. औद्योगिक वसाहतीमुळे बोईसर शहर झाले, पण ते वाढले ग्रामपंचायतींच्या कारभारात. इथला कामगार चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. तीन-चार खोल्यांना मिळून मालकाचे एक मीटर, भिंतीवरून गेलेली वायर, एक दार आणि एक खिडकी. त्याला पार्किंग नाही, त्यामुळे सज्ज पार्किंगचा नियम त्याच्यापर्यंत येतच नाही. तो बॅटरी काढून खोलीत आणतो आणि जागा नाही म्हणून दाराजवळच्या प्लगला लावतो. आग लागली तर बाहेर पडायची एकुलती एक वाट तिथूनच जाते.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांचे वेगळे दुखणे आहे. इमारतीचा विजेचा भार ठरवला तेव्हा एसीसुद्धा मोजक्या घरांत होते. मे महिन्यात रात्री आठ ते अकरा ट्रान्सफॉर्मर आधीच धापा टाकत असतो. त्याच वेळेत दहा मोटारी प्लगला लागल्या की दाब उतरतो. याचा त्रास फक्त टीव्ही बघणाऱ्यांना होत नाही. हल्ली फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे कितीतरी रुग्ण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात, काही रात्री श्वासाचे यंत्र लावून झोपतात. त्यांच्यासाठी दाब उतरणे म्हणजे श्वास उतरणे. मोटार मध्यरात्रीनंतर चार्ज झाली तरी सकाळी तयार असते, यंत्रावरचा रुग्ण थांबू शकत नाही. म्हणून सोसायटीने चार्जिंगची वेळ ठरवून घेणे हे आरोग्याचेच काम आहे.

आणि आपण अणुवीज केंद्राच्या गावचे आहोत. तारापूरचे केंद्र १९६९ पासून देशाला वीज देते, आणि आसपासच्या गावांत पावसाळ्यात एक वारे सुटले की दिवे जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांची वीज गेली होती. ज्या घरात एकच गाडी असते, तिथे ती बाळंतपणाला आणि छातीत दुखायला लागल्यावरही तीच असते.

लाल दिवा आणि वायरमनची युक्ती

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो. मोटारीच्या घरगुती चार्जरमध्ये एक चांगली सोय असते. भिंतीतल्या प्लगला नीट अर्थिंग नसेल तर तो चार्जच करत नाही, लाल दिवा दाखवतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत हा लाल दिवा फार वेळा लागतो. तिसऱ्या भोकात तार असते, पण ती कुठेच गेलेली नसते, किंवा अंगणातल्या ज्या पाइपला जोडली तो गंजून संपलेला असतो. किनाऱ्यालगतची ओली, खारी जमीन वीज जमिनीत उतरवायला चांगली, पण तीच मिठाची ओल लोखंडी पाइप काही वर्षांत कुरतडून टाकते.

मग वायरमन युक्ती करतो. प्लगमध्येच अर्थचे टोक न्यूट्रलला जोडून देतो. चार्जर फसतो, लाल दिवा जातो, गाडी चार्ज व्हायला लागते आणि सगळे खूश होतात. मात्र पुढे कधी त्या घराची न्यूट्रल तार कुठे तुटली किंवा सैल झाली, किंवा कुणी दुरुस्तीत फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो. टायर रबराचे असल्याने गाडीला काही होत नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभा राहून दाराला हात लावणाऱ्या माणसातून वीज जमिनीत जाते.

किती वीज लागते माणूस मरायला? एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधराला हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे श्वासाचे स्नायू अडकू लागतात. शंभरच्या आसपास हृदयाचा ठोका विस्कटतो, ते नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे जात नाही. ओल्या त्वचेचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. घरच्या २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातील. मोटारीला लागणाऱ्या विजेचा हा साठावा भागसुद्धा होत नाही. घरातला साधा एमसीबी एवढ्या प्रवाहाला पडतच नाही, कारण तो वायर वाचवायला असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर गळती झाली की तो सेकंदाच्या एका अंशात वीज तोडतो. मोटारीच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते. पावसाळ्यात शॉक लागून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मी नेहमी विचारतो, घरात हे यंत्र आहे का? बहुतेकांना ते काय असते हेच माहीत नसते.

सक्ती कुणावर?

परदेशातही सक्तीचे पाय अडखळत आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये २०३५ नंतर धूर सोडणाऱ्या नव्या मोटारी विकायला बंदी केली आणि २०२५ च्या अखेरीस ती सैल करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच आयोगाला मांडावा लागला. नॉर्वेत मात्र २०२४ मध्ये दहापैकी जवळपास नऊ नव्या मोटारी विजेच्या होत्या, आणि तिथे पेट्रोल मोटारीवर बंदी नव्हती. करात सवलत, घराजवळ चार्जिंगची सोय आणि सदनिकेत राहणाऱ्याला चार्जिंगचा हक्क, हे आधी झाले. लोक मागून आले.

आपल्याकडे खासगी मोटार घेणाऱ्यावर सक्ती नाही. ती भलतीकडे जाते आहे. राज्याने २०२५ मध्ये बाइक टॅक्सीला परवानगी दिली ती फक्त विजेवरच्या दुचाकींना. हेतू चांगला आहे. पण नियम कंपनीला लागू होतो आणि बॅटरी रात्री घरी नेतो तो पोरगा, त्याच एका दाराच्या खोलीत. घरपोच माल देणाऱ्यांचेही तेच. ज्याच्याकडे पार्किंग नाही, स्वतःचे मीटर नाही, अर्थिंग नाही, त्याच्याच खाटेखाली आपण पंप ठेवतो आहोत. म्हणून असा परवाना देताना कंपनीने सुरक्षित चार्जिंगची किंवा बॅटरी बदलण्याची जागा दिलीच पाहिजे, ही अट हवी. मी आधी सांगितलेला डहाणूचा धडा हाच. तिथे नियम पाळण्याची ताकद असलेल्या केंद्रावर सक्ती झाली, धुरात राहणाऱ्या चिकू बागायतदारावर नाही.

ताकद असलेले आपल्याकडे आणखी आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीत हजाराहून अधिक कारखाने आहेत. त्यांना उच्च दाबाची जोडणी आहे, स्वतःचे विद्युत अभियंते आहेत, पाळीनुसार ठरलेल्या वेळी ये-जा करणाऱ्या बस आहेत आणि त्या बस उभ्या राहायला आवार आहे. विजेवर जाण्याची पहिली सक्ती करायची तर या बसवर, कचऱ्याच्या घंटागाड्यांवर आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षांवर करावी, पण रिक्षांसाठी आधी थांब्यावर चार्जिंगची जागा बांधून. दिवसभर फिरणारी एक डिझेल बस बदलली तर हवेला जो फायदा होईल, तो आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या दहा मोटारी बदलून होणार नाही.

उलट जिथे सूट हवी तिथे ती स्पष्ट लिहून द्यावी. राज्य सरकारने १ जानेवारी २०२२ पासून नवी सरकारी वाहने विजेवरचीच घ्यायची असे ठरवले. कार्यालयीन वाहनाला ते ठीक आहे. पण रुग्ण हलवणाऱ्या गाडीला हा नियम कुणी सरसकट लावू नये. जव्हार-मोखाड्याचा रुग्ण घाट उतरून पालघरला, नाहीतर नाशिकला, सिल्व्हासाला, ठाण्या-मुंबईला जातो. गाडीत एसी, ऑक्सिजन, मॉनिटर चालू असतो. ती परत येते न येते तोच दुसरा फोन येतो. तिथे चार्जिंगचा एक तास म्हणजे एखाद्या बाळंतिणीचा तास असतो. घाटात आणि गावांत भरवशाची जलद चार्जिंग केंद्रे उभी राहतील तेव्हा याचा पुन्हा विचार करावा.

आणि एक सक्ती मात्र सगळ्यांवर हवी. गॅसची शेगडी घरात येते तेव्हा कुणीतरी येऊन नळी, रेग्युलेटर, जागा पाहून जाते आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलायला सांगते. विजेची नवी जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. तसाच एक कागद विजेची गाडी विकताना विक्रेत्याने द्यावा: या ग्राहकाच्या घरी वेगळी तार आहे, अर्थिंग मोजून पाहिले आहे, आरसीसीबी आहे, मंजूर भार पुरेसा आहे. तो नसेल तर परिवहन कार्यालयात नोंदणी होऊ नये. ज्याला हे घरी शक्य नाही त्याला जवळच्या सामायिक चार्जिंगचा पत्ता मिळावा, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो पत्ता तयार करणे ही शासनाची जबाबदारी राहावी.

तोवर घरी काय करावे?

बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे ते आधी पाहा. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी छोटी मोटार साधारण १४० युनिट खाते, त्यामुळे घरच्याच मीटरवर लावली तर बिल वरच्या टप्प्यात जाते. चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, ती मागा. मीटरपासून प्लगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार घ्या, वाटेत जोड नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको. पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना तासाभराने प्लगजवळ हात नेऊन पाहा. चटका बसण्याइतका गरम असेल किंवा जळका वास येत असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. अर्थिंग दरवर्षी पावसाळ्याआधी मोजून घ्या आणि लाल दिवा लागला तर त्याचे ऐका.

स्कूटरची बॅटरी झोपायच्या खोलीत, खाटेखाली किंवा दाराच्या वाटेत लावू नका. ओसरी, पडवी, गॅलरी बरी. उन्हातून आल्याबरोबर लावू नका, थंड होऊ द्या. चार्जर कंपनीचाच वापरा. फुगलेली, पाण्यात बुडालेली, आपटलेली बॅटरी चार्ज करू नका.

बॅटरीतून धूर निघाला तर ती उचलायला जाऊ नका. माणसे बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. वस्तू आणायला परत आत जाऊ नका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काहीही लावू नका. धूर छातीत गेला असेल तर माणूस बरा वाटत असला तरी रुग्णालयात आणा, श्वासनलिकेची सूज काही तासांनी वाढते. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी जोरात, वेगाने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तो उठून बसला तरी हृदयाचा आलेख काढून घ्या.

विजेची गाडी येणार आहे आणि ती यावी. धूर कमी झाला तर बालरोग विभागातले नेब्युलायझर थोडे कमी चालतील, याहून मोठे सुख आम्हाला नाही. फक्त तिच्या आधी प्रत्येक घराच्या अंगणात एक चांगला अर्थिंगचा खड्डा खणला गेला पाहिजे.